जात्यात उगवलेलं झाड

पोपटांसाठी मी घरी एक झाड बनवलं आणि त्याला जहाजाचा हिरवा रंग फासला.

चूक सांगून झाली. आता पुढचं वाचायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. चुका सांगायला मला वेळ लागत नाही. त्यांची कारणं सांगायला लागतो, आणि कारणं ऐकून घेणारी माणसं जगात फार थोडी. घरात तर एकही नाही.

आठवण निघाली ती काल सकाळी गल्लीत बांबू पडले म्हणून. कलकत्त्यात पावसाळा सरत आला हे आकाशाकडे बघून कळत नाही, ते आपलं मनात येईल तेव्हा ओततच असतं. ते कळतं बांबूंवरून. दुर्गापूजेच्या मांडवासाठी हातगाडीवरून लांबच लांब ओले बांबू येतात, गाडीवाला दोर सोडतो आणि सगळे एकदम रस्त्यावर कोसळतात. गल्लीतली कुत्री भुंकत सुटतात, कावळे उठतात, आणि मागोमाग ओल्या काथ्याचा वास येतो. बादलीत भिजत घातलेली दोरी, तिचं तपकिरी पाणी, त्यात ताज्या तोडलेल्या बांबूचा हिरवा, थोडासा काकडीसारखा वास. मग घरोघरी गाद्या कठड्यावर येतात, बुटांवरची पांढरी बुरशी पुसली जाते, आणि तीन महिने फुगून बसलेली कपाटाची दारं एक दिवस आपोआप उघडायला लागतात.

काल तो आवाज झाला आणि घरातून हाक आली, "अहो, ऐकलंत का?"

मी दाढी करत होतो. "ऐकलं, ऐकलं," म्हणालो. दुसऱ्यांदा हाक आली. फेसासकट बाहेर गेलो. बायको पाणी भरायला अंगणात गेली होती. हाक मारणारा बंडू आपल्या झाडाच्या शेंड्यावर एका पायावर उभा राहून माझ्याकडे तिरक्या डोळ्यानं बघत होता. नऊ वर्षं झाली, अजून हा पोपट मला दिवसातून चारदा तरी फसवतो. आवाज हुबेहूब हिचा. 'ऐकलंत'वरचा तो जरासा दाबही हिचाच, म्हणजे तुम्ही ऐकलेलं नाही हे मला माहीत आहे, असं सुचवणारा.

हिला मी लग्न करून वाईहून थेट कलकत्त्याला आणली. खिदिरपूरला जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन, म्हणजे जहाजाचा कुठला पत्रा कुठे बसवायचा याचे नकाशे काढणारा. सकाळी आठला ट्राम पकडायचो, संध्याकाळी सहाला परत. मधले दहा तास ही भवानीपुरातल्या दोन खोल्यांत एकटी. हिंदी येत नाही, बंगाली कळत नाही. वर घरमालकीण मासिमा राहायच्या, एकट्या, विधवा. पण पहिलं वर्षभर दोघींचा संवाद म्हणजे एकमेकींना वाटी देणं आणि हसणं.

एके दिवशी मी लवकर घरी आलो, तर ही कुणाशी तरी बोलत होती. "आता तूच सांग, एवढ्या पावसात वाल वाळतील का?" मी आत डोकावलो. भिंतीवर पाल होती. पाल चुकचुकली. "बघ, मी तेच म्हणत होते," ही म्हणाली.

त्या रविवारी मी हातीबागानच्या पाखरांच्या बाजारात गेलो आणि पोपटांची जोडी घेऊन आलो. नराच्या गळ्यात गुलाबी कंठी, मादीचा गळा मोकळा. हिनं त्यांची नावं ठेवली बंडू आणि ठमा. ठमा शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिचा बोलण्यापेक्षा बघण्यावर भर. बंडूनं मात्र दोन महिन्यांत आमचं घर तोंडपाठ केलं. "दूध उतू गेलं," "दार लाव," "कोण आहे?" आणि अर्थातच, "अहो, ऐकलंत का?" कलकत्त्यात आमच्या ओळखीची मराठी घरं तेव्हा चार, तीही ट्राम बदलून जाण्याच्या अंतरावर. दिवसभर हिच्याशी मराठीत बोलणारा असा बंडूच. वालांचा प्रश्न पालीकडून त्याच्याकडे गेला.

वाईहून येताना हिनं आणखी एक गोष्ट आणली होती : जातं. दगडी, दोन तळ्यांचं, तिच्या मावशीनं लग्नात दिलेलं. ते गोणपाटात गुंडाळून, आगगाडीच्या बाकाखाली ढकलून आम्ही हावड्यापर्यंत आणलं. तिथे हमालानं ते उचललं, खाली ठेवलं, आणि "भीतोरे की आछे, बाबू?" असं विचारलं. आत काय आहे? "माझी सासुरवाडी," मी म्हणालो. त्याला ते कळलं नाही. हिला कळलं. मुक्कामाला पोचेपर्यंत ही माझ्याशी बोलली नाही.

पुढे वर्षभर त्या जात्यावरून मी हिची मनसोक्त थट्टा केली. कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती आणि घरात भात. जातं पलंगाखाली. पाहुणे आले की मी पलंगाची चादर उचलून दाखवायचो, "हे आमच्या घरातलं ऐतिहासिक दालन." पाहुणे हसायचे. ही चहा आणायला आत जायची. त्या हसण्यात ती कधीच नसायची, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

तर झाड. श्रावणात एके दिवशी ही म्हणाली, "अहो, पिंजऱ्यात किती वेळ बसतील ती? दिवसा मी घरातच असते. बाहेर बसायला, खेळायला काहीतरी करा ना. एखादी दांडी, झोका, काहीही."

काहीही! जहाजं दुरुस्त करणाऱ्या माणसाला काहीही! मी तीन रात्री बसून नकाशा काढला. समोरून, वरून, बाजूनं. कोपऱ्यात चौकट आखून सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'शुकद्वयासाठी क्रीडास्तंभ'. मध्ये उंच खांब, त्याला तीन आडवे दांडे, दोन झोके, एक शिडी. कारखान्यातल्या माझ्या शेजाऱ्यानं नकाशा बघून विचारलं, "कुठल्या जहाजाची डोलकाठी?" मी नकाशा गुंडाळून ठेवला. मत्सर, दुसरं काय.

खोक्याच्या फळ्या घेतल्या, सागवानी दांडे रंध्यानं गुळगुळीत केले, चाळीस खिळे ठोकले. बंडूला वरच्या दांड्यावर ठेवला. दांडा इतका गुळगुळीत झाला होता की बंडू कडेकडेनं घसरत खांबापर्यंत आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, परत टोकाला गेला, परत घसरला. मला वाटलं, खेळतोय. ठमानं खालून हा प्रकार पाहिला आणि ती पिंजऱ्यात परत गेली. मग मी दांड्यांना तार गुंडाळली. तरी झाड काही झाडासारखं दिसेना. पोपट हिरवा, पानं हिरवी, आणि झाड मात्र चहाच्या खोक्याच्या रंगाचं. कारखान्यात एका डब्याच्या तळाशी हिरवा तेलरंग उरला होता. मुकादमाला विचारून घेऊन आलो. दोन हात दिले. सुकल्यावर ते असं चकाकायला लागलं की मासिमा खाली येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, कुठल्या तरी मराठी देवाचा खांब आहे.

हे सगळं मी कौतुकानं केलं होतं, हेही नोंदवून ठेवतो. वाईट हेतूनं केलेल्या कामात माणूस इतका वेळ घालवत नाही.

गणपती आले. आमचा घरचा गणपती, दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला संध्याकाळी विसर्जन करून गंगेच्या घाटावरून आम्ही परत आलो. दार उघडलं. घर गप्प होतं. "कोण आहे?" असं कुणी विचारलं नाही.

बंडू त्या हिरव्या झाडाच्या खाली, फळीवर, पिसं फुगवून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. वरच्या दांड्याचा रंग हातभर सोललेला, आणि त्याच्या चोचीच्या कडेला हिरवी कपची. ठमा पिंजऱ्याच्या दारात बसून त्याच्याकडे बघत होती. तिनं त्या झाडाला चोचही लावली नव्हती. माझ्या हातच्या कामावर घरातल्या बायकांचा विश्वास कधी नव्हताच. एकीचा जीव त्यामुळे वाचला.

 हिनं पाट ठेवला, रिकामं तबक ठेवलं, बंडूला पदरात उचलून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

गल्लीच्या तोंडाशी एक होमिओपॅथ डॉक्टरबाबू बसायचे. मी त्यांना जवळजवळ ओढत आणलं. ते खुर्चीत बसले, वही उघडली आणि विचारू लागले. तहान किती? उजव्या कुशीवर झोपतो की डाव्या? रागीट आहे की सोशीक? स्वप्नं पडतात का? मी प्रत्येक प्रश्नाला प्रामाणिकपणे उत्तर देत होतो. रागीट आहे, म्हणालो. मग त्यांची नजर त्या झाडाकडे गेली. ते उठले, सोललेल्या दांड्यावरून बोट फिरवलं, चष्म्याजवळ नेलं, आणि वही मिटली.

"हा रंग यानं खाल्ला?"

"हो."

"याच्यात शिसं असतं, मोशाय. छापखान्यात खिळे जुळवणारी माणसं माझ्याकडे येतात. त्यांची पोटं शिशानं जातात. ती माणसं असतात. हा केवढासा?" त्यांनी बोटांनी माप दाखवलं. वीतभरही नव्हतं. "हे आधी घराबाहेर काढा. याला ऊब द्या. तांदळाची पेज थेंबथेंब. गोळ्या देतो, पण माझ्या गोळ्यांवर अवलंबून राहू नका."

आपल्या गोळ्यांवर अवलंबून राहू नका म्हणणारा डॉक्टर मी तेव्हापासून दुसरा पाहिला नाही.

झाड मी त्याच संध्याकाळी अंगणात नेऊन फोडलं. चाळीस खिळे ठोकायला दोन दिवस लागले होते. उपटायला नखं गेली. आणि घरात दोन मुकी. बंडू बोलेना म्हणून ही बोलेना की ही बोलत नाही म्हणून बंडू, काही कळायला मार्ग नव्हता. जेवताना ताट समोर यायचं, हाक यायची नाही. मी मुद्दाम उशिरा पाटावर बसायचो, म्हणजे तरी ही बोलावील. ही भात वाढून निघून जायची. कारखान्यात जहाजाचे पत्रे ठोकत असतात, दिवसभर कान फुटतात. पण ते चार दिवस घरापेक्षा मला तिथे बरं वाटायचं. ही दिव्याजवळ बसून, कापसाच्या बोळ्यानं, त्याच्या चोचीच्या कडेला पेज लावत राहायची. बोलायची ती त्याच्याशी. "बाळा, घे रे. एवढं घे. तू गप्प बसलास तर मी कुणाशी बोलू इथे?"

हे वाक्य मी दाराआड उभा राहून ऐकलं. पालीच्या वेळी मी हसलो होतो. ह्या वेळी नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी मुकाट्यानं बूट घालत होतो. मागून आवाज आला. बारीक, खरखरीत, अर्धा. "अहो."

मी वळलो. मला वाटलं, ही. ही माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मीच तिची नक्कल केली. मग पुन्हा, पदरातून, "अहो, ऐक..." एवढंच. 'लंत का' म्हणायला त्याला आणखी दोन दिवस लागले. ही हसली आणि रडली, आणि मला म्हणाली, "उभे काय राहिलात? ट्राम जाईल."

मोठी क्षमा ती. माझ्या संसारातली सगळी क्षमापत्रं अशी ट्रामच्या वेळेला मिळालेली आहेत.

त्याच आठवड्यात गल्लीत बांबू पडले. मी दुसरं झाड बनवायचं ठरवलं होतं. हो, ठरवलं होतं. रंग नाही, तार नाही, खिळे नाहीत. या वेळी खरी फांदी आणायची. अंगणात मासिमांची कण्हेर फुलली होती, सरळ, सुबक फांद्या. मी करवत घेऊन तिच्याखाली उभा राहिलो आणि वरच्या कठड्यावरून अशी किंकाळी आली की समोरच्या मिठाईवाल्याचा झारा थांबला.

"ओ मा! बौमा, धर त्याला! कण्हेरीला विष असतं! पाखी मारबे! पाखरं मारणार हा! रंगानं नाही मेला म्हणून आता याच्यानं मारतोय!"

बौमा म्हणजे सूनबाई, म्हणजे ही. मासिमांचं हे बंगाली हिला तेव्हा पूर्ण कळलं. एका वर्षात जे जमलं नव्हतं ते माझ्या मूर्खपणानं एका सकाळी जमवलं. दोघी त्यानंतर रोज दुपारी माझ्याविषयी बोलायला लागल्या, आणि भाषा वाढवायला विषय चांगला असावा लागतो. माझा विषय अजून पुरतोय.

मासिमांनीच हारानला बोलावलं. हारान मांडव बांधणारा. पन्नाशीचा, काटकुळा, पायाची बोटं हाताच्या बोटांसारखी पसरलेली. चाळीस फूट उंच बांबूवर तो पायानं दोरी धरायचा. फाळणीत पद्मा नदीपलीकडच्या गावातून आलेला. सियालदहच्या फलाटावर बायकोमुलांसह दोन महिने काढून मग या बाजूच्या एका झोपडीत स्थिरावलेला. तो आला त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. बंगालमध्ये त्या दिवशी कारागीर हत्यारांची पूजा करतात आणि मग दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. आमचा कारखाना बंद, आकाशात पतंगच पतंग, आणि मी घरी करवत, हातोडी, फूटपट्टी मांडून तयार.

हारान दारात उकिडवा बसला. मी माझा जुना नकाशा त्याच्यापुढे पसरला. त्यानं तो बराच वेळ बघितला.

"जहाज?"

"नाही. पोपटांचं झाड."

त्यानं नकाशा उलटा धरला. "असंही जहाजच दिसतं, बाबू."

मी म्हणालो, असो, आता तू सांग, कुठून सुरुवात करू या. करवत त्याच्याकडे सरकवली. तो मागे सरकला. "आज हत्याराला हात नाही. आज फक्त बघतो."

"काय बघतोस?"

"पाखरं."

आणि तो खरंच बसून राहिला. बिडी पेटवली, पोपटांना धूर नको म्हणून विझवली, कानावर ठेवली. दुपार झाली. हिनं त्याला जेवायला वाढलं. पतंगांचा आरडाओरडा चालला होता आणि मी हातांचं काय करावं हे न कळून खोलीत येरझारा घालत होतो. पिंजऱ्याचं दार उघडं होतं. बंडू बाहेर आला. अजून अशक्तच होता. पडद्यावर चढायला लागला : आधी चोच रोवली, मग एक पाय, मग दुसरा. हारान म्हणाला, "बघितलं? याला तीन पाय आहेत. तिसरा तोंडात." मग ठमा आली. ती वर गेली नाही. खुर्चीच्या खालच्या दांडीवर, पलंगाजवळ, सावलीत बसली. बंडूला खिडकीजवळ उंच जागा लागत होती, पण वाऱ्याच्या झोतात नाही. दोघं एका दांडीवर बसली की ठमा दोन मिनिटांत त्याला चोच मारायची. एवढं सगळं त्या घरात सहा महिने घडत होतं. मी तीन रात्री नकाशा काढला होता. अर्धा तास पाखरांकडे बघितलं नव्हतं.

जाताना हारान म्हणाला, "उद्या पेरूची फांदी. सालासकट. कुठे अंगठ्याएवढी, कुठे करंगळीएवढी. सगळीकडे सारखी जाड असली तर पाय दुखतो. तुम्ही दिवसभर एकाच पायरीवर उभे राहाल का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मासिमांच्या पेरूची फांदी तोडली, धुतली, उन्हात वाळवली. मधे एक बांबू, त्याला फांद्या भिजवलेल्या काथ्यानं बांधल्या. दोरीचं सुटं टोक तो प्रत्येक वेळी गाठीच्या पोटात घालायचा, उरलेले धागे कापून टाकायचा, वरून अंगठ्यानं चाचपून बघायचा. "नख अडकलं तर पाखरू लटकतं," म्हणाला. गाठी सगळ्या खालच्या अंगाला, चोच पोचणार नाही अशा. दोन उंच फांद्या खिडकीकडे, एक बुटकी सावलीत, ठमासाठी, बंडूपासून दीड हात लांब. मी नुसता धरून उभा होतो. ते काम मला बरं जमलं.

मग अडलं ते बुडाशी. उभं केलं की झाड डोलायचं. विटा लावल्या, त्या सरकल्या. मी म्हणालो, कारखान्यातून नांगराच्या साखळीचा एखादा जुना तुकडा... हिनं माझ्याकडे बघितलं आणि मी वाक्य सोडून दिलं.

ती आत गेली. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. दगड फरशीवरून सरकल्याचा. मी धावलो तर ती जात्याची वरची तळी ढकलत बाहेर आणत होती, चेहरा लाल, पदर खोचलेला.

"अगं, ते मावशीचं..."

"असू दे. मधे भोक आहे ना?"

होतं. दाणे टाकायचं भोक. हारानच्या बांबूला जणू मोजून केलेलं. त्यानं बांबू त्यात उतरवला, खाली-वर बांबूच्या पाचरी ठोकल्या, आणि धरून हलवला. जागचा हलेना. जात्याचा खुंटा बसायचं कडेचं छोटं भोक रिकामं होतं. त्यात हिनं एक हिरवी मिरची उभी खोचली. ठमा, जी माझ्या झाडाच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती, ती सरळ चालत आली, दगडावर चढली, आणि मिरची खायला लागली.

हारान दगडावरच्या टाकीच्या घावांवरून हात फिरवत होता. "मा, हा एवढा दगड तुम्ही देशाहून आणलात?"

हिनं आपल्या त्या नवशिक्या बंगालीत सांगितलं, दळायचा आहे, बायका पहाटे दळताना गातात, इथे कोण गाणार. हारान म्हणाला, "मी माझा कोयता आणला. बाकी काही आणता आलं नाही." आणि त्यानं दगडाला हात लावून तो कपाळाला लावला, आदल्या दिवशी आपल्या कोयत्याला लावला असेल तसा.

मी तिथेच उभा होतो. मी वाईहून काय आणलं होतं? एक टाय आणि थट्टा करायची सवय. पलंगाखालच्या त्या दालनाची मी ज्यांना ज्यांना मजा दाखवली होती, ती माणसं एकेक करून डोळ्यांपुढून गेली. हिला काही म्हणावं असं मला वाटलं. पण तोपर्यंत बंडू शेंड्यावर पोचला होता, चोच रोवत, तीन पायांनी, दोनदा थांबून. आणि ही खाली ओंजळ धरून उभी होती, पडला तर झेलायला. तो पडला नाही. वर जाऊन त्यानं पंख झाडले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "दूध उतू गेलं!"

खरंच गेलं होतं.

नऊ वर्षं ते झाड उभं आहे. फांद्या चार वेळा बदलल्या. पोपट साल खातात, लाकूड कुरतडतात, आणि हारान म्हणतो, कुरतडलं नाही तर झाड कसलं. काथ्या दर वर्षी नवा. विश्वकर्मा पूजेला हारान येतो, उकिडवा बसतो, दुपारभर बघतो आणि जेवून जातो. दुसऱ्या दिवशी बांधतो. आता त्याच्या चष्म्याला एका बाजूनं दोरी आहे, तिची गाठही कुठे दिसत नाही. ही त्याच्याशी अशा बंगालीत बोलते की मला मधूनमधून अर्थ विचारावा लागतो. पाहुणे आले की मी आता झाड दाखवतो, आणि बुडाशी काय आहे ते हिला सांगू देतो. ती सांगते, आणि शेवटी हसते. चहा मी आणतो.

इथे लेख संपवायला हरकत नव्हती. शहाण्या माणसानं संपवला असता.

आज विश्वकर्मा पूजा. कारखाना बंद, आकाशात पतंग. हारान यायला तासभर अवकाश होता, ही स्वयंपाकघरात. मी झाडाकडे बघत बसलो होतो. नऊ पावसाळ्यांत दगडानं काळपट शेवाळ धरलंय. मनात आलं, फांद्यांना नाही, बांबूला नाही, नुसत्या दगडाला, तोही कडेकडेनं, लाल रंगाचा एक पट्टा किती शोभेल. दगड काही कुणी कुरतडत नाही. हत्याराला हात लावायचा नसतो हे खरं; पण कुंचला हे काही हत्यार नव्हे. परवा कारखान्यातून रुमालात गुंडाळून आणलेली छोटी डबी मी हळूच कपाटामागून काढली आणि झाकण उचकटलं.

शेंड्यावर बंडूनं मान लांब केली. डबीकडे बघितलं. मग माझ्याकडे. गळ्यावरची पिसं उभी राहिली.

"अहो, ऐकलंत का?"

"शू," मी म्हणालो.

"अहो, ऐकलंत का? कोण आहे? अहो!"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. ही दारात येऊन उभी राहिली, हाताला कणीक. डबी पाहिली, मला पाहिलं, दगड पाहिला. डबी माझ्या हातातून काढून घेतली, झाकण घट्ट दाबलं आणि म्हणाली,

"तुम्ही आपली जहाजंच रंगवत जा. बुडाली तर निदान घराबाहेर बुडतील."